आठ शतांश, पावसाळ्यात अकरा

भालूकाका गेल्याची बातमी आली तेव्हा मी कुडाळच्या छापखान्यात एका पत्रकाचं प्रूफ वाचत होते. बाबांचा फोन होता. ते एवढंच म्हणाले, "भालू गेलो." सकाळी चहाचा कप हातात घेऊन काका पडवीत बसले होते आणि बसल्या जागी गेले, हे मला नंतर कळलं. फोन ठेवल्यावर मी समोरचं प्रूफ शेवटपर्यंत वाचलं आणि दोन चुका काढल्या. हे मी अभिमानाने सांगत नाही. चौदा महिने आमचं बोलणं बंद होतं. ते का बंद होतं आणि त्यात चूक कोणाची होती, हे लिहिल्याशिवाय त्यांच्याबद्दल एक ओळही लिहायचा मला हक्क नाही.

भालूकाका म्हणजे बाबांचे बालमित्र. आमच्या घरापासून त्यांचं घर दोन कुंपणं सोडून. एका तांत्रिक शाळेत ते तीस वर्षं वर्कशॉपचे मास्तर होते. निवृत्त झाल्यावर इतर लोक कलमं लावतात, देवळाच्या समितीवर जातात. यांनी कोल्हापूरच्या एका बंद पडलेल्या वर्कशॉपमधून छोटं मिलिंग मशीन उचलून आणलं. ज्यांनी कधी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी सांगते. खाली एक लोखंडी टेबल, त्यावर धातूचा तुकडा घट्ट आवळायचा. मागे उभा खांब, त्या खांबावर डोकं, आणि डोक्यात गरगर फिरणारं कटर. चाकं फिरवून टेबल सरकवलं की कटर धातू तासत जातं. कारखान्यातली अशी मशिनं खोलीएवढी असतात. हे मात्र टेबलावर मावणारं, हौशी माणसाचं. काकांनी मागच्या परड्यातल्या खोपीत चिऱ्याचा चौथरा बांधला, त्यावर फणसाची जाड फळी घातली आणि त्यावर हे मशीन बसवलं. बंदरावरच्या होड्यांच्या इंजिनांचे पंप, कप्प्या, कधी कोणाच्या शिलाई मशीनचा तुटलेला दात, असली कामं ते त्यावर करत. पण खरं सांगायचं तर त्यांना काम करण्यापेक्षा मशीनचाच नाद जास्त होता.

मी दहावीत असताना त्यांनी मला पहिल्यांदा खोपीत नेलं. मशीनच्या डोक्याला टेकवून एक गोल डायल उभी केली होती. तिच्यावरचं एक घर म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, एक शतांश. म्हणाले, "अंगठ्यान दाब. घाबरू नको, मोडूचा नाय." मी दाबलं. एवढं लोखंड, आणि माझ्या अंगठ्याने सुई सरसर सरकली. काका लहान मुलासारखे खूश झाले. "बघलंस? लोखंड सुद्धा वाकता. कायच घट्ट नसता गो. किती वाकता तां म्हायत असूक व्हया." चाक किती बारीक फिरतं यावर मशीनची अचूकता ठरत नाही, कटर धातूला भिडल्यावर जो जोर लागतो त्याने सगळं किती मागे रेलतं यावर ठरते, हे मला त्या दिवशी कळलं. नंतर त्यांनी अंगठाही सोडून दिला. अंगठा रोज सारखा दाबत नाही, म्हणाले. बंदरावरून मासळी तोलायचा, हूक लावलेला स्प्रिंगचा काटा आणला, तो मशीनच्या डोक्याला अडकवला आणि बरोबर दहा किलोची ओढ देऊन सुई वाचायची रीत पाडली. सुरुवातीला बावीस घरं भरायची.

बावीसवरून खाली यायला त्यांना तीन वर्षं लागली. मशीनचा खांब आतून पोकळ होता. तो भरायचा ठरलं. पहिल्यांदा त्यांनी आपल्या इथल्या माणसाला सुचेल तेच केलं. समुद्रावरची वाळू आणली, सात पाण्यांनी धुतली, उन्हात वाळवली आणि खांबात ठासली. एक पावसाळा गेला आणि खांबाच्या तळातून तांबडं पाणी झिरपायला लागलं. वाळूतलं मीठ सात पाण्यांनाही गेलं नव्हतं. काकांची बायको सुमनकाकी दारात उभी राहून म्हणाली, "मास्तर झालास आणि मीठ इसारलास!" तिचं माहेर वालावलचं, आणि तिची जीभ कोणालाही सोडत नसे. काकांनी सगळी वाळू खरवडून काढली. फायबरच्या होड्या दुरुस्त करणाऱ्यांकडून त्यांचं रेझिन आणलं, त्यात काळ्या दगडाची बारीक खडी कालवली आणि पुन्हा खांब भरला. आठ दिवस कोणाला खोपीत पाऊल टाकू दिलं नाही. नवव्या दिवशी काटा अडकवला. आठ. आमच्या बाबांना हाक मारून दाखवलं, मला दाखवलं, दूध घालायला आलेल्या माणसालाही दाखवलं. पावसाळा आला तेव्हा फणसाची फळी फुगली आणि आकडा अकरावर गेला. तेही त्यांनी तितक्याच आवाजात सगळ्यांना सांगितलं. कोणी विचारलं, मास्तर, तुमचं मशीन किती अचूक, तर उत्तर ठरलेलं असे. "दहा किलोक आठ शतांश. पावसात अकरा." ऐकणारा एकच आकडा ऐकायला आलेला असायचा. त्याला दोन मिळायचे.

आमच्या घरी उलटी रीत होती. बाबांनी आयुष्यभर पत्रकं काढली. मच्छीमारांची, रस्त्याची, खाणीच्या विरोधातली. मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या उरलेल्या गठ्ठ्यांवर. पत्रकात मथळा मोठा हवा, वाक्य छोटं हवं, आकडा एकच हवा आणि तो गोळीसारखा लागायला हवा, हे मला कोणी शिकवलं नाही, ते अंगातच आलं. आणि बाबांचा एक नियम होता. पत्रकाचा खुलासा काढायचा नसतो, पुढचं पत्रक काढायचं असतं.

गेल्या वर्षी आमच्या पंचक्रोशीतल्या हायस्कूलला कुठल्याशा योजनेतून तीन मिलिंग मशिनं मिळाली. संगणकावर चालणारी, चकचकीत. फीत कापली गेली, फोटो निघाले. ताब्यात घेण्याच्या कागदावर एका जाणकाराची सही लागते म्हणून संस्थेच्या अध्यक्षांनी काकांना बोलावलं. काका गेले ते पिशवीत डायल आणि मासळीचा काटा घेऊन. मी हजर होते. शाळेच्या हॉलमध्ये पाइपच्या पायांच्या, प्लायवूडच्या टेबलांवर ती मशिनं ठेवलेली. पुठ्ठ्यासारखे पातळ पत्रे. बाजूला पडद्यावर मात्र आकडे शतांशात लखलखत होते. काकांनी काटा अडकवला तेव्हा अध्यक्ष हसले.

"मासळीच्या काट्यान मशीन तोलतास काय, मास्तर?"

"तोलूचा नाय, ओढूचा आसा. तुमी माझ्याकडे नको, सुयेकडे बघा."

सुई चाळीस घरं फिरली. तिन्ही मशिनांवर थोड्याफार फरकाने तेच. पुरवठादाराचा माणूस म्हणाला, शाळेतल्या मुलांना काय एवढं लागतं, पडद्यावर नीट दिसतंय ना? काकांचा चेहरा मी तेव्हा पहिल्यांदा तसा पाहिला. शांत होते, पण ओठ पांढरे पडले होते. म्हणाले, "मुलांकाच लागता. पोरगो मन लावन काम करतलो, काम वाकडां येतलां, आणि तेका वाटतला आपलोच हात वाईट. मशीन वाईट असा तेच्या मनात सुद्धा येवचा नाय." हे त्यांच्या स्वतःच्या अंगावरून गेलेलं होतं. शिकाऊ असताना त्यांना ढिल्या मशीनवर उभं केलं होतं, आणि तुझा हात या कामाचा नाही असं ऐकत त्यांनी दोन वर्षं काढली होती. ते मशीन खिळखिळं होतं हे त्यांना फार उशिरा कळलं. त्यांनी सही केली नाही. एक पानी अहवाल लिहिला, मशिनं परत पाठवावीत असा, आणि त्यात एकही विशेषण नव्हतं.

अहवाल दाबला जाणार हे दिसतच होतं. म्हणून बाबांच्या चळवळीतले आम्ही मैदानात उतरलो. पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी काकांना विचारून घेतलं, त्यांनी तिन्ही आकडे दिले, मी वहीत उतरवून घेतले. आणि लिहायला बसल्यावर मला आठ हा आकडा आवडला नाही. मागे तो अकराचा शेपटा तर मुळीच नको होता. पुरवठादाराच्या माहितीपत्रकात 'एक शतांश' असं छापलं होतं. मला त्याच आकड्याने त्यांना मारायचं होतं. मी मथळा केला, 'एक शतांशाचा माणूस'. खाली लिहिलं की आपल्या गावच्या निवृत्त मास्तरांचं भंगारातलं मशीन एक शतांशापर्यंत अचूक आहे, आणि सरकारी योजनेतलं नवंकोरं मशीन चाळीस शतांश डुलतं. हे अज्ञानातून झालं नाही. वही उघडी होती. आठ हा आकडा माझ्याच अक्षरात माझ्यासमोर होता. आम्ही ते पत्रक बंदरावर वाटलं, बाजारात वाटलं, एसटी स्टँडवर चिकटवलं. लोकांना फार आवडलं. काकांना मी दाखवलं नाही.

चार दिवसांनी पुरवठादाराचा एक तरुण इंजिनियर स्वतःची डायल घेऊन काकांच्या परड्यात आला. बरोबर अध्यक्ष, मुख्याध्यापक आणि निम्मा गाव. दिवस भर जुलैचे. काकांच्या हातात कोणीतरी आमचं पत्रक दिलं, त्यांनी ते चष्मा लावून उभ्याउभ्याच वाचलं. माझ्याकडे पाहिलं नाही. इंजिनियर सभ्य होता. परवानगी मागून त्याने डायल लावली, काकांचाच काटा वापरला, दहा किलो ओढले.

"अकरा," तो म्हणाला.

"बरोबर आसा," काका म्हणाले.

"पण काका, पत्रकात तर एक लिहिलंय."

सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते. मी लिहिलंय, असं मी त्या वेळी म्हणायला हवं होतं. काकांनी पत्रकाची नीट घडी घातली, खिशात ठेवली आणि म्हणाले, "पत्रकात माझां नाव आसा. तेवा तां माझांच." उन्हाळ्यात आठ असतो, हेही त्यांनी सांगितलं नाही. अध्यक्षांना तेवढंच हवं होतं. ते लोकांकडे वळून शुद्ध मराठीत म्हणाले, "पाहिलंत ना मंडळी? पत्रक असं, तर अहवालही तसाच असणार." त्या अहवालातला प्रत्येक आकडा खरा होता. तो त्या दिवशी मेला, आणि मारेकरी पलीकडच्या बाजूचा नव्हता.

संध्याकाळी मी गेले. काका खोपीतच होते.

"आठ लिवूक काय झालां तुका?"

"काका, आठ लोकांका कळलो नसतो."

"आणि एक कळलो? एक शतांश म्हणजे काय, तां त्या बंदरावर एकाक तरी म्हायत आसा?"

मी म्हटलं, चूक झाली, पण उद्देश चांगला होता. ते म्हणाले, उद्देशाक डायल लावता येणा नाय. मग म्हणाले, "दुसरां पत्रक काढ. तीन ओळी. आमचां आठ, पावसात अकरा. शाळेतली चाळीस. आठ आणि चाळीस, गो! येवढो फरक पुरो नाय होतो तुका?"

पुरेसा होता. खरा आकडा पुरेसा होता, आणि हे मी तेव्हाही जाणत होते. पण मी बाबांची मुलगी. मी म्हटलं, आता खुलासा काढला तर समोरच्यांच्या हातात कोलीत देऊ, चळवळ मागे जाईल. काका म्हणाले, "खोटारडी म्हणणंय नाय मी तुका. जोर इलो आणि तू वाकलंस, येवढांच. पण किती वाकलंस तां तरी सांग लोकांका." मी नाही म्हटलं. त्यानंतर ते वाटेत दिसले तर कुंपणापलीकडून जायचे. मी पत्रकं काढत राहिले. शाळेतली मशिनं तिथेच राहिली. पहिल्याच महिन्यात दोन मुलांच्या हाताखाली कटरं मोडली, आणि मुलांनाच ओरडा बसला, धसमुसळेपणा केला म्हणून. आता त्या मशिनांवर प्लास्टिक आहे आणि प्लास्टिकवर खुर्च्या.

तेराव्यानंतर शाळेच्या त्याच हॉलमध्ये शोकसभा झाली. व्यासपीठामागे काकांच्या फोटोचा फ्लेक्स होता आणि फोटोखाली ठळक अक्षरांत 'एक शतांशाचा माणूस'. माझीच ओळ, माझाच मथळा. ज्या ओळीने त्यांचा खरा अहवाल केराच्या टोपलीत गेला, ती आता त्यांच्या गळ्यात हारासारखी घातली होती. अध्यक्ष बोलले, आवाज दाटून आला त्यांचा. असा अचूक माणूस पुन्हा होणे नाही, म्हणाले. खुर्च्यांखाली गेलेली मशिनं त्यांच्या पाठीमागच्या खोलीत होती आणि अध्यक्षांना लाज वाटत नव्हती. पण मी कोणत्या तोंडाने उठणार होते? त्यांनी खोटं बोलायला माझेच शब्द वापरले होते. शेवटी अध्यक्षांनी जाहीर केलं की मास्तरांचं मशीन शाळेच्या दर्शनी भागात काचेच्या पेटीत ठेवायचं आणि खाली पाटी लावायची. पाटीचा मजकूर, अर्थातच, मी लिहायचा.

मी लिहिला. 'हे मशीन भालचंद्र मास्तरांनी भंगारातून आणून सुधारले. दहा किलोच्या ओढीला ते आठ शतांश मिलिमीटर वाकते, पावसाळ्यात अकरा. या शाळेला दिलेली मशिनं चाळीस वाकतात, असा त्यांचा अहवाल होता आणि तो खरा होता. त्यांच्याविषयी छापलेला एक शतांश हा आकडा खोटा होता. तो मी छापला.' खाली माझं नाव. बाबांनी वाचलं. नियम मोडतेस, असं काही म्हणाले नाहीत. फक्त कागद परत दिला. मुख्याध्यापक मात्र वाचून घाबरले. असं पाटीवर कोणी लावतं का, म्हणाले. वाकतं म्हणजे काय? लोक येणार, बघणार, काही चांगलं लिहा. आम्ही काकांच्या पडवीत बसलो होतो. सुमनकाकी आतून चहा घेऊन आली, कागद घेतला, दारातल्या उजेडात उभी राहून वाचला. मग मुख्याध्यापकांना म्हणाली, "ह्या लावतास?"

"काकी, हे बरं दिसत नाही हो."

"मगे मशीन नाय गावाचां तुमका. च्या घेवा."

त्यांनी चहा घेतला आणि ते गेले. मी कप उचलायला वाकले तेव्हा काकी म्हणाली, "तेणी तुका माफ केल्यानी काय, तां माका इचारू नको. माका काय सांगूक नाय तेणी." मी काही विचारलं नव्हतं. पण विचारणार होते, ते तिला दिसलं असावं.

ज्या तीन ओळी काकांनी त्या संध्याकाळी मागितल्या होत्या, त्या आज या लेखातून वर्तमानपत्रात छापून येत आहेत. ज्यांनी आमचं पत्रक वाचलं होतं त्यांच्यातल्या किती जणांपर्यंत त्या पोचतील, मला ठाऊक नाही. ज्यांच्यापर्यंत पोचायला हव्या होत्या ते तर गेलेच.

परवा सकाळी मी परड्यातून जात होते तर खोपीचं दार उघडं दिसलं. आत काकी. एका हातात तेलाचा डबा, दुसऱ्यात फडकं, आणि मशीनचं टेबल ती कोपऱ्याकोपऱ्यातून पुसत होती. आमच्या इथे उघडं लोखंड दोन दिवस सोडलं तर तिसऱ्या दिवशी गंजतं. काका रोज चहाच्या आधी हे करायचे, हे मला तोवर माहीत नव्हतं. मी इतक्या सकाळी कधी आलेच नव्हते. म्हटलं, काकी, आता हे कशाला? ती मान वर न करता म्हणाली, "खारो वारो माणूस गेलो म्हणान थांबता काय?" मग फडक्याचा दुसरा तुकडा फाडून माझ्या अंगावर टाकला. पलीकडची बाजू तुझी, म्हणाली. मी पुसली. मला वाटलं, नीट पुसली. काकी फिरून आली, टेबलाच्या खाचेतून तिने तर्जनी फिरवली आणि ते बोट माझ्या डोळ्यांसमोर धरलं. तांबूस होतं.

"परत पूस," ती म्हणाली.